यार्डात छोटं शंटिंग इंजिन हवं की नको?

घोरपडीकर (धागाकर्ता)
गेल्या महिन्यात एका जंक्शनवर गाडीची वाट बघत दीड तास बसलो होतो. पलीकडे एका रेकचे (जोडलेल्या डब्यांच्या अख्ख्या रांगेचे) दोन डबे काढून दुसऱ्याला जोडायचं काम चाललं होतं आणि त्याला लावलं होतं मेनलाइनचं 3100 हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, डब्ल्यूडीएम-3ए. काम वीस मिनिटांचं. बाकीचा वेळ इंजिन नुसतं धडधडत उभं. मेनलाइनवर वीज आली, ही इंजिनं रिकामी झाली आणि यार्डात आली. मला हे चुकीचं वाटतं.

शंटिंगसाठी, म्हणजे यार्डात डबे काढायच्या-जोडायच्या या कामासाठी, आपल्याकडे खास इंजिन होतं. डब्ल्यूडीएस-4. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून चित्तरंजनला बनायला लागलं. वजन साठेक टन, ताकद 600 ते 700 हॉर्सपॉवर, सहाच चाकं, आणि ती जोडणारे दांडे वाफेच्या इंजिनासारखे बाहेर फिरताना दिसायचे. ट्रान्समिशन हायड्रॉलिक, म्हणजे जोर तेलातून चाकांपर्यंत जायचा आणि डबा झटका न बसता हलायचा. अशी ट्रान्समिशन पुण्याच्या किर्लोस्कर न्युमॅटिकनंही बनवली. यार्डात शंटिंगला ताशी 15 किमीची मर्यादा, स्फोटकांच्या वाघिणी असतील तर 8. त्यासाठी ताशी 120 किमी धावणारं इंजिन कशाला अडकवायचं?

हिशेबी
असहमत. त्या मोठ्या इंजिनाचे पैसे कधीच फिटलेत. ते भंगारात काढून छोटं नवं घ्यायचं, म्हणजे दुहेरी खर्च.

आणि छोट्या इंजिनाचं खरं काम तरी कुठं उरलंय? पूर्वी एकाच मालगाडीत दहा गावांच्या वाघिणी असत. त्या यार्डात सोडवायच्या, गावागणिक लावायच्या, दिवसरात्र तेच. 1980 च्या दशकापासून रेल्वे पूर्ण रेकवर गेली, एका ठिकाणी भरा आणि एकाच ठिकाणी रिकामा करा. मार्शलिंग यार्डं ओस पडली. आज कोळशाचा 58 वाघिणींचा भरलेला रेक पाच हजार टनांच्या वर जातो. साठ टनांचं इंजिन लावलंत तर चाकं जागेवर फिरतील, पकड यावी म्हणून रुळावर कितीही वाळू सोडा.

जुना पॉइंट्समन
सांधे बदलत, डबे जोडत-सोडवत मी 31 वर्षं यार्डात काढली. तुम्ही दोघं ताकद आणि पैसे मोजताय, मी नजर मोजतो.

कपलिंग करताना मी इंजिन आणि डबा यांच्या मधे शिरतो. त्या क्षणी माझा जीव शंटरच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्याच्या, डोळ्यांत असतो. छोट्या इंजिनाचं हूड (केबिनपुढचं नाक) बुटकं, त्यावरून नजर जायची. मी डाव्या अंगाला असो की उजव्या, शंटरला माझी झेंडी दिसायची. मोठ्या इंजिनाची केबिन एका टोकाला, त्यामुळे लांब बाजू पुढे आली की त्याच्यासमोर दहा-अकरा मीटरची लोखंडी पेटी येते. मी पलीकडच्या अंगाला गेलो की त्याच्यासाठी नाहीसाच. मग असिस्टंट ओरडून सांगतो नाहीतर वॉकी-टॉकी, आणि त्याच चॅनलवर शेजारच्या लाइनीची माणसंही बोलत असतात. "जरासं पुढे" हे नक्की कुणाला म्हटलं?

नोव्हेंबर 2024 मध्ये बरौनीला इंजिन आणि डब्याच्या मधे सापडून एक शंटिंगवाला गेला. त्या अपघाताचा फोटो ज्यानं पाहिला असेल त्याला ती फट किती अरुंद असते ते कळलं असेल.

रुळालगतची
माझं घर यार्डाच्या भिंतीला लागून आहे. मला मोठं डिझेलही नको आणि छोटंही नको. पहाटे तीनला खिडकीची काच थरथरते, दोरीवरच्या कपड्यांना धुराचा वास येतो. मोठं इंजिन नुसतं उभं असताना तासाला 25 लिटरच्या आसपास डिझेल पितं. सोबत छोटं सहायक इंजिन (एपीयू) बसवलं तर तेच काम तीनेक लिटरमध्ये होतं, पण सगळ्या इंजिनांना ते नाही.

तार आहे तिथं विजेचं इंजिन चालवा, नाही तिथं बॅटरीचं. 2020 मध्ये जबलपूर विभागानं 'नवदूत' करून दाखवलं, तारेवरही चालतं आणि बॅटरीवरही. मग अडलंय कुठं?

घोरपडीकर
@हिशेबी, कोळशाच्या रेकचं मान्य, तिथं छोटं इंजिन चालणार नाही. पण प्रवासी गाड्यांचं काय? रेक तपासणीच्या पिट लाइनवर नेणं, आजारी डबा काढून दुरुस्तीच्या सिक लाइनला लावणं, पार्सल व्हॅन जोडणं ही कामं रोजची आहेत.

@रुळालगतची, तुमचं पटलं, आणि त्यात एक भर. गुड्स शेडच्या, म्हणजे मालधक्क्याच्या, कित्येक लाइनींवर तार मुद्दाम ओढत नाहीत. वाघिणीवर माणसं चढतात, वरून जेसीबीचा हात फिरतो, 25,000 व्होल्ट डोक्यावर ठेवून ते जमत नाही. तिथं बॅटरी हवीच. माझा हट्ट डिझेलचा नाही, आकाराचा आहे. बॅटरी घाला, पण बुटकं अंग आणि दोन्हीकडे बघता येणारी केबिन ठेवा.

हिशेबी
नजरेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, काका. पण त्यासाठी नवं इंजिन लागत नाही. आहे त्याला दोन्ही टोकांना कॅमेरे लावा, केबिनमध्ये स्क्रीन द्या. खर्च नगण्य.

जुना पॉइंट्समन
लावा की, माझी ना नाही. पण यार्डात इंजिन वळवत नाहीत, पुढे-मागे करतात. म्हणजे अर्धी पाळी लांब बाजूच पुढे. जुलैत त्या कॅमेऱ्यावर ऑइल आणि चिखलाचा थर बसेल. तो पुसायला पॉइंट्समनलाच बफरांच्या मधे जावं लागेल, आणि तेव्हा शंटरला तो कुठून दिसणार, ते आधी ठरवा.