दुकानदारांच्या वेबसाईट करणाऱ्यांनो, तुमची पद्धत सांगा (अनुभव धागा)

गोलाईकर
सकाळी मोंढ्यातल्या जुन्या गिऱ्हाइकाच्या पोराचा फोन. "काका, बाबांच्या खतावणीत तुमचं पाकीट सापडलं, ह्याचं काय करू?" २०१६ची साईट, बियाण्याचं दुकान. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, अन् ह्या माणसानं तसल्यात ॲडव्हान्स दिला होता. सगळं आठवलं, म्हणून धागा.

डोमेन, म्हणजे साईटचं नाव, मालकाच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर घ्यायचं. कुठल्या कंपनीकडं आहे, रिन्यूअल कधी, लॉगिन काय, सगळं कागदावर लिहून पाकीट हातात द्यायचं. ही माझी पहिल्यापासूनची पद्धत.

दुसरं, मॅटर, म्हणजे साईटवर टाकायचा मजकूर, मागत नाही. मागितलं की महिना गेला. गल्ल्याशेजारी स्टुलावर बसतो आणि फोनवर लोक काय विचारतात ते उतरवून घेतो. "सोयाबीनचं ३३५ आलं का?" "परभणीचं ७१ हाय का?" "रविवारी उघडं असतंय का?" झालं पहिलं पान. 'आमच्याविषयी' मालकाला पाहिजे असतं, ते खाली टाकायचं.

तुम्ही कसं करता?

पैठणगेट
मॅटरचं नावच काढू नका. साडीवाल्यांचं सगळं मॅटर डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत, म्हणजे जुन्या छपाईच्या फाँटात आलं. युनिकोड केलं तर रफार गायब, जोडाक्षरांचा भुगा. शेवटी हातानं टाइप केलं. आता कोटेशनमध्येच लिहितो, मराठी मॅटर युनिकोडमध्ये द्या, नाहीतर टायपिंग वेगळं. लोगो पण कोरलची मूळ फाईल असेल तरच घेतो.

जालन्याचा
फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर बारीक होतात, हे सांगून सांगून तोंड दुखलं. एकानं हाव हाव म्हणून फोटोंच्या प्रिंटा काढून कुरिअर केल्या 😂

नांदेडची मुक्ता
😂😂
मला तर दुकानात गेल्यावर आधी विचारतात, "साहेब कधी येणारेत?" चहा येईपर्यंत साहेबांची वाट बघतात बिचारे.
पैशाचं माझं असं आहे. निम्मे आधी, पाव डिझाईन पसंत पडल्यावर, पाव लाइव्ह करायच्या आधी. फक्त कृषी केंद्रवाल्यांचा शेवटचा हप्ता दिवाळीनंतर लावते. सोयाबीन मोंढ्यात आल्याशिवाय त्यांचीच उधारी वसूल होत नाही, ते मला कुठून देणार? कुकर झाला, येते.

पैठणगेट
ताई जीएसटी लावता का तुम्ही?

नांदेडची मुक्ता
नाही. सेवेला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असली तर नोंदणी लागत नाही. तरी सीएला विचारा.

उदगीरकर
निम्म्या लोकांना साईट नकोच असते. खानावळवाल्याला म्हणलं, आधी गूगल मॅपवर ये. वेळ टाक, ताटाचा फोटो टाक, फोन नंबर टाक, फुकट हाय. साईटचं पुढच्या वर्षी बघू. बायको म्हणती, आलेलं गिऱ्हाईक वापस लावायलास, धंदा करायलास का समाजसेवा?
आणि येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, कुणाला फोन करू नका. मी बॅनर फायनल करायला केला, त्यानं शेतातच बोलावलं. भज्जी, आंबील, वर उसाचा रस. बॅनर अजून तसंच हाय.

जालन्याचा
भज्जी म्हणजे? पालकाची?

उदगीरकर
अरारा. जालन्याला येळवस नसती का? ओला हरभरा, तूर, वाटाणा, शेतात मिळंल ती भाजी, अन् बेसन. सोबत बाजरीचे उंडे.

नांदेडची मुक्ता
हिरव्या चिंचेचा कोळ राहिला दादा.

शटर_अर्धं
मी दुकानदार आहे, चालंल का? आमचं डोमेन आधीच्या पोरानं स्वतःच्या नावावर घेतलंय अन् आता फोन उचलत नाही. सहा महिन्यांनी मुदत संपतीय.

गोलाईकर
चालंल की. हूइज (whois) म्हणून डोमेनची नोंद दाखवणारी सोय आहे, तिथं डोमेन टाकून बघा, कुठल्या कंपनीकडं घेतलंय ते दिसंल. पैसे दिल्याची पावती, त्याच्याशी झालेलं चॅटिंग, दुकानाचं लायसन गोळा करून त्या कंपनीला मेल टाका. पण नोंदणी त्याच्या नावावर आहे, म्हणून ते बहुतेक त्यालाच विचारतील. त्याच्या घरी ओळखीचं कुणी पाठवलं तर लवकर सुटतं. मुदत संपायची वाट बघत बसू नका, सुटलेलं नाव दुसराच उचलतो. तोवर नवीन डोमेन स्वतःच्या नावावर घेऊन ठेवा अन् मॅपवर, पावतीपुस्तकावर तेच टाका.

शटर_अर्धं
पावतीपुस्तकं कालच छापून आणलीत. पन्नास.