मदत हवी आहे: पीसी डोमेनला लागत नाही, गाड्या गेटवर उभ्या आहेत

बेदाणेवाला: कुपवाड एमआयडीसीत बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. ऑफिसातला एक पीसी सर्व्हरच्या डोमेनला (सगळ्यांची लॉगिनं एकाच सर्व्हरवर ठेवायची व्यवस्था) लागत नाही. बाकीचे सगळे चालू आहेत. नेट पण चालू आहे. रीस्टार्ट करून झालं. आवक-जावकची पावती त्याच पीसीवरून निघते. लवकर सांगा.

निळा_स्क्रीन: लागत नाही म्हणजे नेमकं काय? लॉगिन होत नाही, की शेअर फोल्डर उघडत नाही? मेसेज काय येतो? विंडोज कुठलं?

पेंग्विनप्रेमी: विंडोज आहे हाच प्रॉब्लेम. सर्व्हरवर लिनक्स आणि सांबा टाका, डोमेन त्यावरही चालतं. लायसन्सचे पैसे वाचतील.

तात्या_मिरज: फॉरमॅट मार. अर्ध्या तासाचं काम. आमच्याकडे दर दिवाळीला सगळे पीसी फॉरमॅट करतो, कधी त्रास नाही.

बेदाणेवाला: लॉगिनच होत नाही. 'युवर डोमेन इज नॉट अव्हेलेबल' असं काहीतरी येतं. विंडोज १० प्रो. नवीन मुलगी लागलीय कामाला, तिचं होत नाही. जुन्या कारकुनाचं त्याच पीसीवर होतंय. म्हणजे पीसी चांगला आहे, तिच्या आयडीतच काहीतरी आहे ना? आयडी काढून परत बनवू का?

निळा_स्क्रीन: आयडीला हात लावू नका. एक करा: त्या पीसीची नेटची वायर काढा आणि कारकुनाचं लॉगिन करून बघा.

बेदाणेवाला: वायर काढून?? तरी झालं लॉगिन!

निळा_स्क्रीन: होणारच. त्या पीसीवर आधी बसलेल्यांचं लॉगिन विंडोज स्वतःजवळ जपून ठेवतं, सेटिंग कोणी बदललं नसेल तर शेवटच्या १० जणांचं. सर्व्हर सापडला नाही की त्यावरून आत सोडतं. ती मुलगी त्या पीसीवर कधी बसलेलीच नाही, म्हणून ती बाहेर. तुमचे 'बाकीचे सगळे चालू' पण असेच चालू असतील. आता कारकुनाच्या लॉगिनमधून कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग /ऑल मारा. डीएनएस सर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारा) या ओळीत काय आहे, आणि तुमच्या सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) काय?

तात्या_मिरज: एवढं कशाला? डोमेनमधून काढून वर्कग्रुपला (डोमेनशिवायचं साधं नेटवर्क) टाका आणि परत जॉइन करा. दहा मिनिटं.

वायरमन: तात्या, काढल्यावर आत शिरायला लोकल (त्या पीसीपुरत्या) अॅडमिनचा पासवर्ड लागतो. तो माहीत नसला की पीसी दाराबाहेर. आणि आत्ता डोमेनच सापडत नाहीये तर परत जॉइन कशाला करणार?

तात्या_मिरज: माझ्याकडे नेहमी होतं.

हरभट_रोड: सर्व्हर तळमजल्यावर ठेवलाय का? आधी वर न्या. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर पाणी होतं, आमच्या दुकानातला सर्व्हर, यूपीएस, सगळं गाळात.

वायरमन: अहो, कुपवाडला कुठला पूर? ते उंचावर आहे.

हरभट_रोड: मारुती चौकातले पण असंच म्हणायचे.

बेदाणेवाला: पुराचं राहू द्या की ओ. डीएनएसला १९२.१६८.१.१ आहे आणि खाली ८.८.८.८. सर्व्हर १९२.१६८.१.१० आहे. पिंग मारला, उत्तर येतंय.

निळा_स्क्रीन: सापडलं. राउटर बदललाय का इतक्यात?

बेदाणेवाला: हो, फायबरवाल्याने नवीन डबा बसवला ना. पण नेट मस्त चालतंय म्हटलं की.

निळा_स्क्रीन: हे पहिल्या मेसेजमध्ये हवं होतं. पीसी डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा तुमचा सर्व्हर) शोधतो तो डीएनएसला विचारून. तुमच्या डोमेनचं नाव फक्त तुमच्या सर्व्हरच्या डीएनएसला माहीत. राउटरला नाही आणि गूगलला (ते ८.८.८.८) तर नाहीच. जुन्या राउटरमध्ये कोणीतरी डीएनएस म्हणून सर्व्हरचा आयपी भरून ठेवला असणार, नवीन डबा कंपनीच्या सेटिंगवर आहे. कारकुनाच्या लॉगिनला पीसीचा आयपी बदलता येणार नाही, अॅडमिन मागेल. म्हणून राउटरमध्ये जा, डीएचसीपीच्या (पीसींना आपोआप आयपी वाटणारी सोय) पानावर डीएनएसला १९२.१६८.१.१० टाका, सेव्ह करा, पीसी रीस्टार्ट करा.

पेंग्विनप्रेमी: दुसऱ्या खान्यात ८.८.८.८ राहू द्या. सर्व्हर बंद पडला तर नेट तरी चालेल.

निळा_स्क्रीन: अजिबात नको. पहिल्याने उत्तर द्यायला उशीर केला की विंडोज दुसऱ्याकडे जातं आणि बराच वेळ तिथेच राहतं. मग 'कधी लागतं, कधी नाही' असा धागा येईल. ८.८.८.८ सर्व्हरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर (स्वतःला माहीत नसलेलं नाव पुढे विचारायला) म्हणून टाकायचा.

पेंग्विनप्रेमी: मी तसंच ठेवलंय, काही होत नाही.

वायरमन: तुमच्याकडे डोमेन आहे का?

पेंग्विनप्रेमी: नाही, तीन पीसी आहेत.

वायरमन: 🙏

बेदाणेवाला: झालं! मुलीचं लॉगिन झालं, पहिली गाडी आत घेतली. सगळ्यांचे आभार. पण सगळे पीसी रीस्टार्ट केले तर आता गेटवरचा जुना पीसी तारीख-वेळेत फरक आहे म्हणतोय.

वायरमन: मदरबोर्डवरचा सेल गेलाय. सीआर२०३२, घड्याळवाल्याकडे पण मिळतो. बायोसमध्ये वेळ बरोबर करून सुरू करा. सर्व्हरच्या आणि पीसीच्या घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला की केर्बरॉस (डोमेनची लॉगिन तपासायची पद्धत) दारात उभं करत नाही.

सोनेरी_मनुका: धागा वाचला. बेदाणा काळा पडतोय, कोल्डमध्ये किती डिग्री ठेवायचं? अवांतर असेल तर सॉरी.

बेदाणेवाला: व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. लोकल अॅडमिनचा पासवर्ड मात्र खरंच कोणाला माहीत नाही. सिस्टिम लावणारा मुलगा पुण्याला गेला, फोन उचलत नाही.

निळा_स्क्रीन: त्याला फोन कशाला? आता डोमेन लागतंय, तर डोमेन अॅडमिनने एकेका पीसीवर लॉगिन करून लोकल अॅडमिनचा पासवर्ड नवीन टाका. आजच.

तात्या_मिरज: किंवा फॉरमॅट.