सी ड्राइव्ह भरलाय? आधी बघा, मग पुसा

विंडोज कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह सारखा भरतो, अशी तक्रार आली की कुणीतरी रजिस्ट्री क्लीनर, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही (रजिस्ट्री) साफ करणारा प्रोग्रॅम, सुचवतंच. त्याच्या नादी लागू नका. रजिस्ट्री साफ करून जागा जवळपास मिळतच नाही, उलट एखादा प्रोग्रॅम बिघडायचा. त्यापेक्षा विनडिरस्टॅट (WinDirStat) हा डिस्कवरची जागा दाखवणारा प्रोग्रॅम टाका. फुकट आहे, शिवाय मुक्तस्रोत. कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्लीय ते रंगीत चौकोनांत दिसतं. माझ्याकडे जुन्या फोनचा विसरलेला बॅकअप निघाला, तब्बल ४० जीबी!

फक्त विंडोजच्या फोल्डरला हात लावू नका. त्यातला विनएसएक्सएस (WinSxS) हा विंडोजचे सुटे भाग ठेवणारा फोल्डर अवाढव्य दिसतो, पण हार्ड लिंकमुळे (एकाच फाइलची दोन ठिकाणी नोंद) त्याच फाइल्स दोनदा मोजल्या जातात. तिथला खरा कचरा विंडोजच्याच डिस्क क्लीनअप या प्रोग्रॅममध्ये ‘क्लीन अप सिस्टीम फाइल्स’ दाबून काढता येतो.