मदत हवी आहे : २०१७ ची हायाबुसा आता घेणे कितपत योग्य?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातच माझ्या परिचयातील एका गृहस्थांची २०१७ ची सुझुकी हायाबुसा मोटारसायकल विकावयाची आहे. गाडी मनात भरली आहे. परंतु या वर्गातील गाड्यांना बाजारात पुढे किती आयुष्य उरले आहे, याचा अंदाज येत नाही.

१९९९ मध्ये १२९९ सीसीची पहिली हायाबुसा आली तेव्हा ताशी ३०० किलोमीटरचा पल्ला हेच तिचे भांडवल होते. पुढे जपानी कंपन्यांनी आपसांतील समजुतीने २९९ ची मर्यादा पाळली आणि ती शर्यत तिथेच थांबली. तिची स्पर्धक असलेली होंडाची ब्लॅकबर्ड बंद झाली, तर हायाबुसाची दुसरी, १३४० सीसीची पिढी (मी पाहिलेली २०१७ ची गाडी याच पिढीतली) प्रदूषणाच्या नियमांमुळे २०१८ च्या अखेरीस युरोपातून गेली. २०२१ च्या तिसऱ्या पिढीत ताकद १९७ वरून १९० पीएसवर (अश्वशक्तीचे एकक) आली, मात्र इंजिनाच्या मधल्या फेऱ्यांवरची (आरपीएम) ओढ आणि इलेक्ट्रॉनिक्स सुधारले. माझ्या मते, सर्वांत वेगवान असण्यापेक्षा लांबच्या प्रवासात न थकवणारी दणकट गाडी हीच तिची आजची खरी ओळख आहे आणि मलाही ती त्याचसाठी हवी आहे. कागल-सातारा महामार्गाचे सहापदरीकरण आणि तिथली वळणे पाहता, वेगाचा विचार मी केव्हाच सोडला आहे.

गाडी उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये नीट पाहिली. मागचा १९०/५० टायर मधोमध सपाट झिजला असून कडा जवळजवळ कोऱ्या आहेत, म्हणजे ती बहुधा सरळ रस्त्यावरच चालली असावी. पुढच्या उजव्या फोर्कवर (चाकाचे धक्के शोषणाऱ्या नळीवर) तेलाचे पुसट कडे दिसते. हे केवळ सील बदलून भागेल का, की आतली नळीही तपासून घ्यावी?

सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरील गाड्यांचा जीएसटी ४० टक्के झाल्यामुळे जुन्या गाड्यांचे मालकही भाव वाढवून सांगत आहेत. ही वाढ टिकेल असे आपणांस वाटते का? दुसऱ्या पिढीचे सुटे भाग, विशेषतः क्लच आणि फेअरिंगचे (बाहेरच्या आवरणाचे), सध्या किती दिवसांत मिळतात? नोंदणीची पंधरा वर्षे २०३२ मध्ये संपतील, तेव्हा अशा गाडीला गिऱ्हाईक मिळेल का?

कोल्हापूर, सांगली किंवा पुणे भागात ज्यांनी ही गाडी काही वर्षे सांभाळली आहे, त्यांनी देखभालीचा वार्षिक खर्च आणि भरवशाच्या मेकॅनिकविषयी अवश्य लिहावे.