घरी आसनं शिकायची आहेत: पुस्तक घेऊ की व्हिडिओ लावू?

सुमेधा_क:
वय 47, दिवसाचे नऊ तास खुर्चीत. क्लासच्या वेळा जुळत नाहीत म्हणून घरीच आसनं शिकायचं ठरवलं. आतापर्यंत दोन प्रयोग झाले, दोन्ही फसले.

पहिला व्हिडिओचा. फोन भिंतीला टेकवून ठेवला. अधोमुख श्वानासनात डोकं खाली गेलं आणि बाई पुढे काय करतायत ते बघायला मी मान वळवली. चार दिवस मान आखडलेली! शिवाय त्या उजवा पाय म्हणतात तो पडद्यावर माझ्या कुठल्या बाजूला, हे कळेपर्यंत त्या पुढच्या आसनात.

दुसरा प्रयोग सासऱ्यांच्या जुन्या 'योगदीपिके'चा, म्हणजे बी. के. एस. अय्यंगारांच्या आसनांच्या पुस्तकाचा. मधलंच पान उघडलं, तर अय्यंगार दोन्ही पाय मानेमागे अडकवून निवांत पहुडलेले. मिटलं पुस्तक.

सुरुवात कुठून करू? व्हिडिओ निवडताना काय बघता? जिना उतरताना उजवा गुडघा कुरकुरतो, हेही सांगून ठेवते.

आडवाटेने:
ताई, ते पुस्तक मिटू नका, मागून उघडा. परिशिष्टात आसनांचा क्रम आठवड्यांनुसार लावून दिलाय, पूर्ण 300 आठवड्यांचा. शिवाय आसनाच्या नावाशेजारी तारा आणि आकडा असतो, 1 ते 60. आकडा लहान तितकं आसन सोपं. मला हे दोन वर्षांनी कळलं. प्रस्तावना कोण वाचतो! तुम्ही पाचच्या आतच राहा. आणि त्या क्रमात सर्वांगासन अगदी सुरुवातीलाच येतं, ते मात्र शिकवणारं माणूस समोर असल्याशिवाय करू नका. आकडा लहान असला तरी मान आपली आहे.

माझी पद्धत सांगतो. एका वेळी एकच आसन. आदल्या रात्री पुस्तकातली कृती वाचायची, मग त्याच आसनाचा व्हिडिओ बसून बघायचा, हातपाय न हलवता. सकाळी पडदा बंद. कृती मी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवलीय, मध्ये श्वासापुरत्या जागा सोडून. पहिल्यांदा आपलाच आवाज 'गुडघा वाकवा' म्हणून हुकूम सोडतो तेव्हा हसू येतं, पण मान वळवावी लागत नाही आणि डावं-उजवं आपलंच राहतं.

आणि स्वतःचंही शूटिंग करा. वीरभद्रासनात माझा गुडघा घोट्याच्या बरोबर वर आहे असं मी छातीठोक सांगितलं असतं. समोरून घेतलेल्या क्लिपमध्ये तो आत, अंगठ्याच्याही पलीकडे कललेला. मांडीच्या सांध्यातून येणारं वळण तिथून आलं नाही की गुडघा ते भोगतो. पद्मासनाचंही तेच. तुमचा गुडघा बोलतोच आहे, तेव्हा पद्मासन सध्या विसरा.

व्हिडिओ मी आवाज बंद करून पारखतो. आसनातून बाहेर कसं यायचं ते दाखवतात का? भिंत, खुर्ची, घडी केलेली चादर वापरतात का? कॅमेरा बाजूने आहे का? समुद्रकिनारा आणि सूर्यास्तच दिसत असेल तर पुढे.

मीनल७:
गुडघ्यासाठी बिहार योग विद्यालयाचं 'आसन प्राणायाम मुद्रा बंध' बघा. त्यात सुरुवातच पवनमुक्तासन मालिकेने होते. पायाची बोटं, घोटे, गुडघे असं एकेक सांधा मोकळा करत वर जायचं. दिसायला फारच किरकोळ, मी आधी वगळलं होतं. नंतर मुकाट्याने मागे आले.
आयुष मंत्रालयाचा योग दिनाचा सामान्य क्रमही साधारण 45 मिनिटांचा आहे. त्याची पुस्तिका आणि व्हिडिओ दोन्ही फुकट मिळतात.

खडूस_काका:
पुस्तकाला तुमची पाठ दिसत नाही आणि व्हिडिओला तर काहीच दिसत नाही. निदान चार-पाच वेळा कुणा जाणत्याला दाखवून घ्या, मग घरी करा हवं तेवढं. रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डोकं खाली गेलं की डोळ्यांतला दाब वाढतो.

सुमेधा_क:
@आडवाटेने, परिशिष्ट सापडलं. सासऱ्यांनी तिथे पेन्सिलीने खुणा केल्यात, त्या अकराव्या आठवड्यापर्यंत आहेत! काल त्रिकोणासनाची कृती रेकॉर्ड केली. श्वासाच्या जागा फारच लांब सोडल्यात, वाट बघता बघता पोटऱ्या थरथरतात. पुन्हा करते.
काका, तुमचंही पटलं. दर शनिवारी शिकवणाऱ्या एक बाई मिळाल्यात.