'गिळलं' की 'पोटात घेतलं'?

खडूफळा: मेक्सिकन-अमेरिकन लेखक तोमास रिवेराच्या '...इ नो से लो त्रागो ला तिएर्रा' (१९७१) या स्पॅनिश कादंबरीतलं त्याच नावाचं प्रकरण एका दिवाळी अंकासाठी मराठीत केलं. मथळा दिला '...आणि धरणीने त्याला गिळलं नाही'. संपादकांनी 'गिळलं' खोडून 'पोटात घेतलं' केलं. म्हणे, मराठीत धरणी गिळत नसते. प्रकरणात आधी बापाला शेतात ऊन लागतं, मग धाकट्या भावाला. पोरगा संतापून देवाला शिव्या देतो. असं केलं की जमीन गिळते, हे त्याच्या मनात लहानपणापासून बसलेलं. काहीच होत नाही. इथे 'पोटात घेतलं' बसतं का?

लिंबलोण: अजिबात नाही. पोटात घेते ती आई. सीतेला घेतलं. आमची आजी चारचौघांत फजिती झाली की 'धरणीमाय, पोटात घे गं' म्हणायची. ती शिक्षा मागत नव्हती, लपायला जागा मागत होती.

साडेमाडे: आणि कर्णाच्या रथाचं चाक? ते भूमीने शापामुळे गिळलंच ना?

लिंबलोण: रुतलं म्हणतात.

साडेमाडे: आमच्याकडे कीर्तनकार 'गिळलं'च म्हणायचे.

शुद्धमती: मला 'धरणी'च खटकते. शेवटी तो पोरगा पायाखालच्या जमिनीला लाथ मारतो. धरणीला लाथ मारलेली मराठी वाचकाला सोसेल? 'भुई' करा.

खडूफळा: लाथेचं पटलं. पण 'भुई' म्हटलं की 'भुईला भार' आठवतं. आणखी एक अडचण. मजुरांना कंत्राटावर ट्रकने उत्तरेकडे नेणारा जो असतो, त्याला मी 'मुकादम' केलंय.

गेवराईकर: बरोबर केलंत. माझे चुलते मुकादम होते. उचल द्यायची, टोळी बांधायची, कारखान्यावर न्यायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं कुणी मोजत नाही, कोयते मोजतात.

शुद्धमती: मुकादम अरबी. 'टोळीनायक' का नको?

गेवराईकर: त्यात दरोडेखोर दिसतो. (चुलत्यांना काही लोक तेच म्हणत, ते सोडा.)

साडेमाडे: शुद्धमती, तुमच्या वरच्या प्रतिसादातली 'जमीन' फारसी आहे.

तळटीप: मुकादम आला की वाचकाला ऊस दिसणार. रिवेराचं गाव टेक्ससमधलं क्रिस्टल सिटी. तिथे पालक पिकतो, इतका की १९३७पासून गावात पालक खाणाऱ्या कार्टूनमधल्या पोपायचा पुतळा आहे. साधं 'ठेकेदार' लिहा. आणि परिचयात त्याला 'कुलपती' करू नका. १९७९पासून १९८४मध्ये वारेपर्यंत तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेचा चान्सलर होता, पण तिथला चान्सलर कारभार बघतो, म्हणजे आपला कुलगुरू. आपला कुलपती म्हणजे राज्यपाल.

खडूफळा: अरे देवा. 'कुलपती'च लिहून पाठवलंय.

लिंबलोण: ट्रकवरून आठवलं. 'क्वांदो येगेमोस' या प्रकरणात पहाटे चारच्या सुमाराला ट्रक बंद पडतो आणि आतला जो तो मनात म्हणतो, तिथे गेल्यावर हे करू, ते करू. मथळा 'पोचल्यावर' की 'पोचलो की'? 'पोहोचलो' नको, रात्रभर उभा राहिलेला माणूस एवढा 'हो' काढत नाही.

शुद्धमती: लिहिताना 'पोहोच'च लिहावं. बोलताना काहीही बोला.

साडेमाडे: झालं सुरू.

गेवराईकर: आमच्यात 'पोचलं की' म्हणतात. पोचलं की बघू. कोण पोचलं ते कुणी विचारत नाही.