मदत हवी आहे: सासूबाईंना 'एक्स्ट्रामॅमरी पॅजेट्स डिसीज' निघालाय, ऑपरेशन करावं की आधी क्रीम? (कोल्हापूर)

नमस्कार. आम्ही करवीर तालुक्यातले. माझ्या सासूबाई (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) ६८ वर्षांच्या आहेत. गेल्या आठवड्यात बायोप्सीचा रिपोर्ट आला. योनीच्या बाहेरच्या कातडीचा कॅन्सर, नाव वर दिलंय. हा फार कमी जणांना होतो म्हणे, त्यामुळे ओळखीत विचारावं तर कुणी ऐकलेलंच नाही.

खाज दोन वर्षांपासून होती. अवघड जागचं दुखणं, सांगणार कुणाला? नातवाच्या हातात रिकामी ट्यूब द्यायच्या आणि "हीच आण" म्हणून मेडिकलला पाठवायच्या. परकरावर रक्ताचा डाग दिसला तेव्हा मी विचारलं, तर म्हणाल्या, "वयाचं हाय गं, कोरडं पडतंय." नंतर त्यांच्या ट्रंकेत पिळून चपट्या झालेल्या सात ट्यूबा सापडल्या. दोन डॉक्टर झाले होते. एकांनी बुरशी म्हणून औषध दिलं, दुसऱ्यांनी इसब म्हणून स्टेरॉइड. टेबलावर झोपवून तपासलं दोघांनीही नाही. याचा मला अजून राग येतो.

तिसऱ्या, त्वचारोगतज्ज्ञ मॅडम, त्यांनी नीट पाहिलं. लालभडक चट्टा, मध्ये मध्ये पांढरट, ओलसर, साधारण तळहाताच्या निम्म्याएवढा. "इतके दिवस औषध लावून न हटणारं इसब मी इसब मानत नाही," म्हणाल्या, आणि जागा बधिर करून मसुराच्या डाळीएवढा तुकडा काढला.

रिपोर्टमध्ये सीके७ पॉझिटिव्ह, सीके२० निगेटिव्ह आहे (पेशी मूळच्या कुठल्या हे ओळखायला तुकड्यावर करतात त्या चाचण्या), आणि तुकड्यात तरी रोग कातडीच्या वरच्या थरातच आहे, खाली उतरलेला नाही. मॅडमनी समजावलं की कधीकधी या पेशी आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या कॅन्सरमधून तिथवर आलेल्या असतात. सीके२० निगेटिव्ह असल्यानं ती शक्यता कमी, तरी कोलोनोस्कोपी (आतड्याची दुर्बिणीनं तपासणी), सिस्टोस्कोपी (मूत्राशयाची तशीच) आणि मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करूनच घ्या, असं त्यांचं म्हणणं. कोलोनोस्कोपी झाली, आतडं स्वच्छ आहे. बाकीच्या व्हायच्यात.

आता खरा पेच. सर्जन म्हणतात ऑपरेशनच. पण या रोगात डोळ्यांना दिसणारी कड ही रोगाची कड नसते, पेशी चांगल्या दिसणाऱ्या कातडीतही पसरलेल्या असतात, म्हणून काढूनही बऱ्याच जणींना पुन्हा होतो, हे त्यांनीच सांगितलं. जास्त कातडी गेली तर मांडीची लावावी लागेल. मॅडमचं मत, रोग वरच आहे तर इमिक्विमॉड ५ टक्के क्रीम (शरीराची प्रतिकारशक्ती त्या जागी जागी करणारं) काही महिने लावून बघावं. त्यानं आग होते, जागा सोलवटते, पण कापाकापी टळू शकते. मला दोघांचंही पटतं, म्हणून झोप लागत नाही.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया सांगा. क्रीम आठवड्यातून किती वेळा लावलं आणि आग सहन होईना तेव्हा काय केलं? ऑपरेशनआधी चट्ट्याभोवतीच्या कातडीचे तुकडे तपासून हद्द ठरवली होती का? नंतर लघवीला, बसायला किती दिवस त्रास झाला? आत्यांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "खाली बसून भाकरी थापायला येतील न्हवं?" त्याचं उत्तर कुणी धड दिलं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं, तेही सांगा. आमचं रेशनकार्ड केशरी आहे.

बायोप्सीच्या तुकड्याच्या काचा (स्लाइड) आणि मेणातला तुकडा (ब्लॉक) लॅबमधून काढून घेतलेत. सोमवारी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं परळला टाटाला दाखवायला निघतोय. त्याआधी कुणाचं उत्तर आलं तर काय काय विचारायचं ते वहीत लिहून नेता येईल. बाईमाणसानं लिहिलं तर आत्यांना वाचूनही दाखवेन.